चार लक्ष एकाहत्तर

कुर्ल्याहून पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर रेल्वेमार्गावर चेंबूर नावाचे स्थानक आहे. एकेकाळी मुंबईबाहेरचे लहानसे गाव असलेले चेंबूर आज महानगराचाच एक गजबजलेला भाग बनले आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे रोज टपाल येते. कोणाच्या पाकिटावर मराठी अक्षरे असतात, कोणाच्या तमिळ, तर कोणाच्या इंग्रजी. परंतु पत्त्याच्या शेवटी बहुधा एकच संख्या आढळते : ४०००७१.

पत्र लिहिणारा ही संख्या घाईघाईने लिहितो आणि पाकीट पेटीत टाकतो. टपाल वाटणारा तिच्यावर ओझरती दृष्टी टाकतो आणि पाकीट योग्य त्या कप्प्यात सरकवतो. दोघांचेही काम झाले, की संख्येचे कामही संपते. थांबून तिची विचारपूस करावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुलांनो, आज आपण ती विचारपूस करणार आहोत.

प्रथम ही संख्या चेंबूरला कशी मिळाली, ते पाहू. आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत, आणि पत्ते तर नाना लिप्यांत लिहिले जातात. त्यामुळे पत्रांची विभागणी करताना पूर्वी फार घोटाळा होई. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातील अधिकारी होते, आणि त्याचबरोबर संस्कृत भाषेचे पंडित व कवीही होते. त्यांच्या योजनेत पहिला अंक देशाचा एक मोठा विभाग दाखवतो. ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्याकडे आला. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो. ४०० म्हणजे मुंबई. उरलेले तीन अंक त्या जिल्ह्यातील वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. पिन क्रमांक येण्यापूर्वी चेंबूरचे पत्ते ‘मुंबई ७१’ असे लिहिले जात. त्या ७१ च्या मागे एक शून्य आणि त्याच्याही मागे ४०० लागले, आणि चेंबूरचा क्रमांक सिद्ध झाला.

येथवरची हकीकत ही खुणेची झाली. वर्गातील हजेरीपटावर तुमचा क्रमांक सतरा असतो. पुढच्या वर्षी तो एकवीसही होईल. क्रमांक देणे हे माणसाच्या हाती असते. टपाल खात्याने चेंबूरला दुसरी एखादी संख्या दिली असती, तरी पत्रे पोहोचलीच असती. पण चार लक्ष एकाहत्तर ही संख्या टपाल खात्याने निर्माण केलेली नाही. खाते स्थापन होण्यापूर्वीही ती होती, आणि तिचे गुणही तिच्याजवळ होतेच. ते गुण कोणी दिले नाहीत आणि कोणाला ते बदलताही येणार नाहीत. आपल्याला ते फक्त शोधता येतील.

पहिला प्रश्न सोपा आहे. संख्या सम की विषम? शेवटचा अंक १, म्हणून ती विषम. तिला २ ने भाग जात नाही. आणि शेवटी ० किंवा ५ नसल्यामुळे ५ नेही जात नाही. ३ ने जातो का, हे पाहण्यासाठी अंकांची बेरीज करावी, हे तुम्हांला ठाऊक आहे. ४ + ० + ० + ० + ७ + १ = १२. बारांना ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. परंतु हा नियम खरा का, याचा विचार तुम्ही केला आहे काय? एका दशकातून ९ काढून घेतले, तर १ उरतो. तसेच ७ दशकांतून सात वेळा ९ काढून घेतले, तर ७ उरतात. एका लक्षातून ९९९९९ काढले, तरी १ च उरतो. म्हणून चार लक्षांतून उरतात ४. शेवटी एकम स्थानचा १ आहेच. जे काढून घेतले त्या सर्वांना ९ ने आणि म्हणून ३ नेही भाग जातो. उरले ४, ७ आणि १, म्हणजे अंकांची बेरीज. संख्येचा निर्णय आता त्या बेरजेवर अवलंबून राहतो. नियम पाठ करणे चांगले. पण त्याचे कारण कळले, की तो पाठ करण्याची गरजच उरत नाही.

आता भागाकार करू.

४०००७१ = ३ × १३३३५७

१३३३५७ ला पुन्हा ३ ने भाग जात नाही, कारण त्याच्या अंकांची बेरीज २२ येते. पण ७ ने भागून पाहा :

१३३३५७ = ७ × १९०५१

७ ने निःशेष भाग गेला. आता समोर उभी राहिली १९०५१. हिला भाग जातो काय?

येथे खरी कसोटी लागते. २ आणि ५ यांचा निकाल शेवटच्या अंकानेच लागतो. अंकांची बेरीज १६, म्हणून ३ ही नाही. ७ ने भागल्यास ४ बाकी उरते. ११ ने भागल्यास १० बाकी, १३ ने भागल्यास ६ बाकी. असे कोठवर भागत राहायचे? एकोणीस हजारांपर्यंत? नाही. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोघींपैकी एक तरी तिच्या वर्गमूळाहून मोठी असू शकत नाही. कारण दोघीही वर्गमूळाहून मोठ्या असत्या, तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पलीकडे गेला असता. १३८ चा वर्ग १९०४४ आणि १३९ चा वर्ग १९३२१. म्हणजे १३८ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या, की पुरे. त्या एकूण ३३ आहेत, शेवटची १३७.

कागद घेऊन बसा आणि एकेक भागाकार करा. ४३ पाशी आशा वाटू लागते, कारण ४३ × ४४३ = १९०४९; परंतु दोन कमी पडतात. १२७ पाशी तर मन अधीर होते : १२७ × १५० = १९०५०. बाकी केवळ १! पण गणितात ‘जवळजवळ भाग गेला’ असे काही नसते. बाकी १ उरो की १०० उरो, भाग गेला नाही तो नाहीच. शेवटी १३७ ने भागून पाहिले, तर बाकी ८ उरते. तेहतीसांपैकी एकीनेही भाग जात नाही. तेव्हा १९०५१ ही मूळ संख्या आहे, असे आता आपण ठामपणे म्हणू शकतो.

४०००७१ = ३ × ७ × १९०५१

मूळ संख्यांचा क्रम मागेपुढे केला, तरी दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्या गुणून ४०००७१ मिळणार नाहीत. माणसाच्या बोटांचे ठसे जसे त्याचेच असतात, तसे मूळ अवयव हे त्या संख्येचेच असतात.

एवढे हाती आले, की संख्येचा वर्ग ठरवणे सोपे जाते. ती संयुक्त संख्या आहे. तीन निरनिराळ्या मूळ संख्यांनी ती बनलेली आहे, आणि त्यांपैकी एकही दोनदा आलेली नाही. म्हणून कोणत्याही पूर्ण वर्गाने, एक वगळता, तिला भाग जात नाही. तिचे एकूण आठ विभाजक आहेत : १, ३, ७, २१, १९०५१, ५७१५३, १३३३५७ आणि ती स्वतः.

प्राचीन ग्रीक गणितज्ञ यापुढे आणखी एक प्रश्न विचारीत असत. संख्येला वगळून तिच्या इतर सर्व विभाजकांची बेरीज किती? ६ चे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज बरोबर ६. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. २८ ही तशीच आहे. १२ च्या विभाजकांची बेरीज १६, म्हणजे संख्येहून अधिक. ती विपुल संख्या. बेरीज कमी पडली, तर ती न्यून संख्या. चेंबूरच्या संख्येचे सात विभाजक मिळवले, तर २०९५९३ येतात. चार लक्षांपुढे ही बेरीज बरीच तोकडी आहे. तेव्हा ४०००७१ ही न्यून संख्या ठरते. ‘न्यून’ या शब्दाने चेंबूरकरांनी वाईट वाटून घेऊ नये. प्रत्येक मूळ संख्याही न्यूनच असते.

आतापर्यंत आपण जगातील सर्व गणितज्ञ विचारतात ते प्रश्न विचारले. आता महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी विचारलेले प्रश्न विचारू.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. पदवीनंतरचे उच्च शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. कागद, पेन्सिल आणि संख्यांविषयीचे अपार प्रेम एवढीच त्यांची सामग्री होती. त्यांनी शोधलेल्या संख्याप्रकारांची नावेही आपल्या मातीतली आहेत. एका प्रकाराला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले, ते डोंबिवली स्थानकावरून.

त्यांच्या एका प्रकाराचे नाव आहे ‘हर्षद’ संख्या. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. घाटकोपर पश्चिमेचा पिन क्रमांक ४०००८६ घ्या. अंकांची बेरीज १८, आणि १८ × २२२२७ = ४०००८६. ही संख्या हर्षद ठरली. घाटकोपर पूर्वेचा क्रमांक ४०००७७. येथेही बेरीज १८ च आहे. परंतु संख्या विषम असल्यामुळे १८ ने भाग जाणे शक्य नाही. मधून केवळ लोहमार्ग जातो. पण एकीकडे हर्ष आहे, तर दुसरीकडे नाही! मग चेंबूरचे काय? बेरीज १२ आणि संख्या विषम. बारांनी भागल्यास बाकी ३ उरते. चेंबूरची संख्या हर्षद नाही.

कापरेकरांचा दुसरा प्रश्न अधिक मौजेचा आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या मिळेल. जुनी संख्या ही नवीची जनक झाली. २३ मध्ये २ + ३ मिळवले, की २८ मिळतात. म्हणून २३ हा २८ चा जनक. तर मग ४०००७१ चा जनक कोण?

शोध कोठे घ्यावा, हे आधी ठरवू. चार लक्षांच्या खालचा जनक असू शकत नाही, कारण मधले अंतर ७२ किंवा त्याहून अधिक पडेल. आणि सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज, सहाही अंक ९ असले तरी, ५४ च्या वर जात नाही. म्हणून जनकाचे पहिले चार अंक ४००० असेच असणार. अशा संख्यांच्या अंकांची बेरीज कमीत कमी ४ आणि अधिकात अधिक २२ असते. तेव्हा जनक ४०००४९ आणि ४०००६७ यांच्या दरम्यान कोठेतरी सापडला पाहिजे. एकेक तपासत गेलो, की तो सापडतो :

४०००५६ + (४ + ५ + ६) = ४०००५६ + १५ = ४०००७१

आणि ४०००५६ हा कोठला पिन क्रमांक आहे, ठाऊक आहे? विलेपार्ले पश्चिमेचा! मागे आणि पुढे असेच चालत गेलो, तर एक साखळीच हाती येते.

४०००१७ → ४०००२९ → ४०००४४ → ४०००५६ → ४०००७१ → ४०००८३ → ४०००९८

४०००१७ हा धारावीचा क्रमांक आहे. तेथून निघालेली वाट पार्ल्याहून चेंबूरला येते, पुढे विक्रोळीच्या कन्नमवारनगराकडे वळते, आणि ४०००९८ ला, म्हणजे कालिन्याच्या विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाच्या आवारात, पोहोचते. असा मार्ग कोणत्याही रेल्वेच्या नकाशावर सापडायचा नाही. टपाल खात्यानेही तो आखलेला नाही.

प्रत्येक संख्येला जनक असतोच काय? कापरेकरांनी दाखवून दिले, की नाही. ज्यांना जनक नाही अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. विलेपार्ले पूर्वेचा क्रमांक ४०००५७ पाहा. ४०००४४ मध्ये अंकांची बेरीज १२ मिळवली, तर आपण ४०००५६ वर येतो. पुढच्या ४०००४५ मध्ये बेरीज १३ मिळवली, तर आपण एकदम ४०००५८ वर जातो. मधली ४०००५७ सुटली. आसपासच्या दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून तरी ती मिळते का, हे पाहण्यासाठी ४०००३५ पासून ४०००५३ पर्यंतच्या एकोणीस संख्या तपासाव्या लागतात. त्या तपासल्या, तर एकीपासूनही ४०००५७ येत नाही. म्हणून ती स्वयंभू! दहिसरची ४०००६८ ही देखील स्वयंभू आहे, आणि १८ × २२२२६ = ४०००६८ असल्यामुळे ती हर्षदही आहे. एकाच संख्येत दोन्ही गुण आले. असे गुण पाहिले, की संख्यांचे वर्ग म्हणजे बंद खोल्या नव्हेत, हे ध्यानात येते. एकच विद्यार्थी चित्रकलेत असू शकतो आणि कबड्डीच्या संघातही असू शकतो. संख्यांचेही तसेच आहे.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते मात्र ६१७४ या संख्येमुळे. १९४९ मध्ये त्यांनी तिचा गुण जाहीर केला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. तिचे चारही अंक सारखे नसले, म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. उत्तर तीन अंकी आले, तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करा. पिन क्रमांक ज्या वर्षी सुरू झाले ते १९७२ हे साल घेऊ.

९७२१ − १२७९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर क्रिया करा : ७६४१ − १४६७ = ६१७४. संख्या जागची हलत नाही. कोठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत किंवा सातव्या पायरीला तुम्ही येथेच येऊन थांबता.

चेंबूरची संख्या सहा अंकी आहे. तिच्यावर हीच क्रिया केली, तर ती कोठे थांबेल?

७४१००० − ०००१४७ = ७४०८५३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२
८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२
८६६३२२ − २२३६६८ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२
८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२

शेवटची ओळ दुसऱ्या ओळीशी ताडून पाहा. दोन्ही अगदी एकच आहेत! चेंबूरची संख्या कोठेही थांबत नाही. सात संख्यांच्या एका रिंगणात शिरते आणि तेथेच फेर धरून फिरत राहते. सहा अंकी संख्यांत स्थिर राहणाऱ्या दोन संख्या आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४; पण आपली संख्या त्या दोघींकडेही जात नाही. ही वजाबाकी तुम्ही स्वतः करून पाहा. कोठे चूक झाली असे वाटले, तर उत्तराच्या अंकांची बेरीज करा. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे, कारण तेच अंक उलटसुलट लिहून आपण वजाबाकी करीत आहोत.

फळ्यावर असले काही मांडले, की वर्गातील एखादा मुलगा हमखास उठून विचारी, “सर, याचा उपयोग काय?” हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. त्याला खरे उत्तर दिले पाहिजे.

मूळ अवयवांचा उपयोग आज फार मोठा आहे. ३, ७ आणि १९०५१ यांचा गुणाकार करायला अर्धे मिनिट पुरते. परंतु १९०५१ ही मूळ आहे, हे ठरवायला आपल्याला तेहतीस कसोट्या लावाव्या लागल्या. गुणणे सोपे आणि फोडणे अवघड, या एका गोष्टीवर गुप्त संदेशांची आधुनिक कुलपे उभी आहेत. शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघडपणे सांगितला, तरी तो फोडून त्या दोन संख्या शोधणे बलाढ्य संगणकांनाही साधत नाही.

अंकांच्या बेरजांचा आणि उलटसुलट मांडणीचा असा उपयोग मला दाखवता येणार नाही. कापरेकरांच्या हयातीत पुष्कळ विद्वानांनी त्यांच्या शोधांना क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर पोहोचले. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे होते, की हे गुण संख्येचे नाहीत, ते केवळ ती लिहिण्याच्या रीतीचे आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. चार लक्ष एकाहत्तर गोट्यांचे तीन सारखे ढीग होतात, सात सारखे ढीगही होतात. गोट्या मोजणारा कोणत्याही देशाचा असो, कोणत्याही लिपीत लिहीत असो, हे बदलणार नाही. हा संख्येचा स्वभाव झाला. पण ‘अंकांची बेरीज १२’ हे मात्र आपण दहादहांच्या गटांनी मोजतो म्हणून खरे आहे. आपल्या हातांना दहा बोटे आहेत, म्हणून आपण दहांनी मोजतो. हा संख्येचा पोशाख झाला.

मग पोशाख बदलून पाहू. समजा, माणसाला आठच बोटे असती आणि आपण आठाआठांनी मोजत असतो. मग एकम, दहम, शतम यांऐवजी १, ८, ६४, ५१२, ४०९६, ३२७६८ आणि २६२१४४ अशी स्थाने असती. चार लक्ष एकाहत्तर वस्तू आपण अशा वाटल्या असत्या :

(१ × २६२१४४) + (४ × ३२७६८) + (१ × ४०९६) + (५ × ५१२) + (३ × ६४) + (० × ८) + ७

म्हणजे तीच संख्या १४१५३०७ अशी लिहिली गेली असती. तिच्या अंकांची बेरीज करा : १ + ४ + १ + ५ + ३ + ० + ७ = २१. आणि २१ म्हणजे ३ × ७! आपल्या संख्येचे मूळ अवयव आठवा. २१ × १९०५१ = ४०००७१. एकवीसांनी तिला निःशेष भाग जातो. दहांच्या पोशाखात जी हर्षद नव्हती, ती आठांच्या पोशाखात हर्षद ठरली.

पोशाख आणि स्वभाव यांतला भेद आपल्याला अशा रीतीने कळला, आणि तो कळला तो पोशाखाकडेही लक्ष देऊन पाहिल्यामुळे. देवळालीच्या त्या शिक्षकाने आयुष्यभर हेच केले. ज्या संख्येकडे दुसरे कोणी पाहत नव्हते, तिच्याकडे ते आदराने पाहत राहिले. त्यांना उपयोगाची वाट पाहावी लागली नाही, कारण खरे काय आहे ते जाणून घेण्यातच त्यांना हर्ष होता.

तुमच्या गावालाही एक सहा अंकी संख्या मिळालेली आहे. घरी आलेल्या एखाद्या पाकिटावर ती सापडेल. तिचे मूळ अवयव कोणते, ती न्यून की विपुल, हर्षद आहे की नाही, तिचा जनक कोण की ती स्वयंभूच, आणि वजाबाक्या करीत गेल्यास ती कोठे जाऊन थांबते, हे प्रश्न तिला विचारा. उत्तरे कोणत्याही पुस्तकात छापलेली सापडणार नाहीत. ती तुम्हांला कागद आणि पेन्सिल घेऊन स्वतःच काढावी लागतील. कदाचित तुमच्याआधी ती कोणी काढलेलीही नसतील. मग पुढच्या वेळी पाकिटावर ती संख्या लिहिताना तुमचा हात क्षणभर थांबेल. आणि नित्याच्या परिचयाची व्यक्ती रस्त्यात भेटल्यावर आपण जसे हसून तिच्याकडे पाहतो, तसे तुम्ही तिच्याकडे पाहाल.